टाचणीच्या डोक्याएवढं सोल्डर

मंगळवार, मे १९९७, वागळे इस्टेट

सुनंदाला आज शेठने कामावरून काढलं. माझ्यामुळे.

टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांच्या एसीचं सर्किट बोर्ड घेऊन मी दोन दिवस बसलेलो. फॉल्ट काही सापडेना. वर्कशॉपमध्ये नवीनच आलेल्या सुनंदाने तासाभरात सुटलेला जोड शोधून त्यावर नवीन सोल्डर मारलं. शेठ सगळ्यांसमोर हसला, "काका, आता हिच्याकडून शिका." वीस वर्षं वर्कशॉपमध्ये घातल्यावर हे मला?

काल बोर्ड बसवायला मीच गेलेलो. डॉक्टरांच्या जिन्यात थांबून तिचं ते सोल्डर स्क्रूड्रायव्हरने ढिलं केलं. टाचणीच्या डोक्याएवढं तर होतं. एसी तासभर चालून बंद पडला. आज सकाळी डॉक्टरांनी फोनवर शेठला झापलं.

निघताना ती माझ्याकडे आली. "काका, माझं कुठे चुकलं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. एवढंसं ते सोल्डर. मी म्हणालो, "हात थरथरतो तुझा. हे काम तुला जमायचं नाही."

तिने हात समोर धरून पाहिला. अजिबात थरथरत नव्हता. तरी तिने मान हलवली, आणि पिशवीतून स्वतःचं सोल्डरिंग आयर्न काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला राहू दे. मला आता कशाला?"

माझ्या आयर्नपेक्षा चांगलं आहे. ठेवून घेतलं.