चार अंश

५ नोव्हेंबर

आलो एकदाचे. आरोग्य केंद्राच्या मागेच क्वार्टर. दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी, बाबांच्या खुर्चीसाठी पूर्वेची खिडकी. बाबांनी घरात पाऊल टाकायच्या आत दारावरच्या पाटीतली चूक काढली आणि खिशातल्या लाल पेन्सिलीने दुरुस्तही केली. आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं त्यांचं. डोळे अजून तीक्ष्ण आहेत, फुफ्फुसं मात्र तिथल्या धुळीत ठेवून आलेत. मागच्या हिवाळ्यात साध्या फ्लूने त्यांना सतरा दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. दुसरा झटका झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. म्हणून तर मी ही बदली मागून घेतली. जिथं लस, तिथं आम्ही.

औषधांची खोली बघून आले. कपाटं, टेबल आणि लशींचा फ्रीज. तो इतका जुना आहे की सिस्टरबाई त्याला 'आजोबा' म्हणतात. एकंदर जागा आवडली.

७ नोव्हेंबर

मोहीम सुरू झाली. पहिली सुई बाबांना. मुंगीसुद्धा याहून जोरात चावते, म्हणाले. मागची रांग हसली आणि घाबरट मंडळींनीही बाह्या वर केल्या.

माझं काम तसं सोपं. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, दिवसातून दोनदा तापमान बघून रजिस्टरात लिहायचं, शेजारी सिस्टरबाईंची साक्षीची सही घ्यायची. गोठली की ही लस कामातून जाते, आणि वितळल्यावर दिसते मात्र अगदी तशीच. रजिस्टर उघडलं तर हसूच आलं. माझ्या आधीच्या औषधवाल्याने अख्खा नोव्हेंबर भरून ठेवलाय. सकाळी ४, संध्याकाळी ४, पार तीस तारखेपर्यंत. सिस्टरबाई म्हणाल्या, एक तारखेला चहा पिता पिता सगळं उरकायचे ते. मग त्याही महिन्याभराच्या सह्या एका बैठकीत ठोकायच्या. मी नवीन पान आखून घेतलं.

१२ नोव्हेंबर

साहेबांच्या, म्हणजे केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांच्या, खोलीत भिंतीवर नकाशा आहे. जिथं फ्लू पोचला तिथं लाल टाचणी. त्यांनी छान समजावलं. तो बसने प्रवास करतो. आधी स्टँडचं गाव, मग शाळा, मग मुलं दप्तराबरोबर घरी नेतात, आजीआजोबांसाठी. सध्या तीनच टाचण्या आहेत, लांब उत्तरेला. टोचल्यावर अंगात बळ यायला दोन आठवडे लागतात. तेवढी सवड आहे. आज सहाशेवा माणूस टोचून झाला. मला झोप छान लागते इथे.

१५ नोव्हेंबर

फ्रीज पुसायला घेतला. आतला तबकडीचा थर्मामीटर हातात धरला, काटा चारवर. मुठीत दाबला, चार. चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवला. चार.

मेलाय तो काटा. किती वर्षांपूर्वी, कोण जाणे. फ्रीजच्या मागच्या भिंतीला, जिथं लशीचे खोके टेकतात तिथं, पाण्याची वाटी ठेवून आलेय.

१६ नोव्हेंबर

वाटीत बर्फ. उलटी केली तरी पडला नाही. घरचा चांगला थर्मामीटर आत ठेवून बघितला: चार.

डोकं फिरलं. सहाशेच्या वर माणसांना आपण नुसतं पाणी टोचलं. बाबांनाही. साहेबांकडे गेले तर त्यांनी दार लावलं, स्वतः उठून पाणी दिलं. म्हणाले, लोकांना कळलं तर पुढची दहा वर्षं कुणी दंड पुढे करणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठवड्यात नवा फ्रीज, नवा साठा आणू, 'दुसरा डोस' म्हणून सगळ्यांना टोचू. तोवर रजिस्टरात चार. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी चार लिहिला. सही केली. बाबांना आजच पलीकडच्या गावी नेऊन चांगली लस देता आली असती. नेलं नाही. तिथं विचारलं असतं, पुन्हा कशाला?

१९ नोव्हेंबर

साहेबांनी आज त्याच फ्रीजमधून दोन खोके पुढच्या गावाला धाडले. गाडी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. विचारलं तर म्हणतात, मोहीम थांबली की वर उत्तर द्यावं लागतं. तळपायाची आग मस्तकात गेली. रजिस्टर उघडलं आणि खरा आकडा लिहिला, शाईने, ठळक. आता बघू कोण दाबतो ते.

२० नोव्हेंबर

तिथं ४ आहे. खाडाखोड नाही, पुसल्याची खूण नाही.

सिस्टरबाईंवर नको तेवढी तडकले. त्या म्हणाल्या, मला माझी सही धड करता येत नाही, तुमचं अक्षर कुठून काढू? आणि रडल्या. मला दया आली नाही. वर्षानुवर्षं न बघता साक्ष देणारी बाई.

२३ नोव्हेंबर

स्टँडच्या गावात टाचणी.

रजिस्टर घरी आणलं, ट्रंकेत घातलं, किल्ली गळ्यात. सकाळी काढलं. कालचा खरा आकडा गेला, ४ आला. बाबांनी भिंग लावून पाहिलं. ४ची शिंगं किंचित डावीकडे कललीत, म्हणाले, तुला लहानपणी मीच रागवायचो त्यावरून. हे तुझंच अक्षर आहे, बाळ.

मग सगळं सांगितलं त्यांना. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, बाकीच्यांनाही हीच लस? मग म्हणाले, चूक ज्या पानावर झाली, दुरुस्ती त्याच पानावर करायची असते.

२६ नोव्हेंबर

जिल्ह्याला पत्र लिहिलं. दोन पानं, सगळं. पाकिटात घालण्याआधी वाचलं. 'फ्रीज व्यवस्थित, तापमान चार.' एवढंच. दोन पानं भरून, तेच तेच.

फोन केला. गोठली, गोठली, गोठली असं तीनदा सांगितलं. पलीकडच्या माणसाने चांगल्या कामाबद्दल आभार मानले.

टेबलाच्या खणात मागे कागद सापडले, आधीच्या औषधवाल्याचे. अकरा पत्रं. सगळ्यांत एकच ओळ, माझीच. शेवटच्यावर पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. म्हणजे त्यालाही सांगायचं होतं. पण एकदा खोटं लिहिल्यावर खरं उतरतच नाही.

३० नोव्हेंबर

शाळा बंद. निम्मा वर्ग तापाने पडलाय. सिस्टरबाईही. दोन आज्या गेल्या, दोघी माझ्या रांगेतल्या. एकीने मला आशीर्वाद दिला होता.

साहेब म्हणतात, लस कुठं शंभर टक्के असते? खरंय. पण चांगल्या लशीने त्या आज्या कदाचित बसून चहा पीत असत्या. कदाचितसुद्धा आम्ही मारला. नवा फ्रीज आला नाही. साहेबांनी मागितलाच नव्हता.

२ डिसेंबर

ही वही मागे चाळली. सोळा तारखेला घरच्या थर्मामीटरचा आकडा मी 'उणे सहा' लिहिला होता. अक्षरांत. मला पक्कं आठवतंय.

तिथं चार आहे. बर्फ राहिला, आकडा तेवढा गेला.

४ डिसेंबर

बाबा खोकले. दोनदाच. धूळ असेल म्हणाले.

नाही धूळ.

५ डिसेंबर

ताप चार.

नाही. पुन्हा लिहिते. ताप चार.

साहेबांच्या दारावर लाथा घातल्या. कुलूप. मुलांना घेऊन गावाला गेलेत म्हणे. जाताना नकाशातल्या टाचण्या काढून ठेवल्यात. नुसती भोकं —

६ डिसेंबर

श्वास शिट्टीसारखा. ओठ निळे. रुग्णवाहिकेला फोन. ताप किती, विचारलं. ओरडून सांगितला. ते म्हणाले, मग काय काळजी, बाई, घाई कशाला.

पुन्हा केला. पुन्हा तेच. मी शिव्या दिल्या, त्यांनी धन्यवाद म्हटलं —

शेजारचे हातगाडी घेऊन येतो म्हणाले. अजून —

बाबांनी खुणेने विचारलं, किती? मी म्हणाले, काही नाही, उतरतोय.

तेव्हा जीभ माझीच होती. कुणी वळवली नव्हती. मी स्वतः —

त्यांना कळलं. माझ्याकडे असं बघितलं, आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मग लाल पेन्सिल मागितली. ही वही ओढून घेतली. कालच्या 'चार'वर रेघ मारली.

रेघ आहे. मघापासून बघतेय. रेघ राहिली.

त्यांचा हात लिहू शकतो. त्यांनी कधी खोटं लिहिलं नाही. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा — तेरा दिवस — तेव्हाच त्यांना लिहायला सांगितलं असतं तर —

बाबा, ताप राहू दे, हे लिहा, मोठ्या अक्षरात, पान फाडून केंद्राच्या दारावर लावते, अजून दोन गावं टोचायची आहेत. मी वही धरते. हं. सावकाश.

लस गोठ