डावी बाजू

४ जानेवारी
आले बाई एकदाची! दवाखाना इथून दोन गल्ल्यांवर, म्हणून सहाव्या महिन्यात मुक्काम आत्याबाईंकडे. नवऱ्याची ही आत्या एकटीच राहते. त्याने मला गादीवर टेकवलं आणि कामावर पसार झाला. खोली ऐसपैस, खिडकीत कुंड्या. माझ्या गर्भाशयात डावीकडे संत्र्याएवढी गाठ आहे आणि उजवीकडे बाळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ साधी आहे, पण आता दुखू शकते. विश्रांती घ्या, पोट चोळू नका, रक्त दिसलं तर ताबडतोब या. आयतं बसून खायचं, मला काय वाईट!

९ जानेवारी
आत्याबाई मला पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत. पोटावर हात ठेवून बाळाशी गप्पा मारतात, पण डावीकडे. बाळ इकडे आहे, असं हसत सांगून मी त्यांचा हात उजवीकडे नेला. त्यांनी तो पुन्हा डावीकडे ठेवला. वय झालं की माणूस हट्टी होतं.

१५ जानेवारी
गाठ वाढली आहे. बाळाचं वजन मात्र हवं तसं वाढलेलं नाही. पोट चोळता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. घरी आल्यावर मनात पाल चुकचुकली. झोपून उठते तेव्हा पोट तेलकट असतं, तेही डावीकडेच.

१८ जानेवारी
दुपारी झोपेचं सोंग घेतलं. आत्याबाई तेलाची वाटी घेऊन आल्या आणि अंगाई गुणगुणत गाठ चोळू लागल्या. मी हात धरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा आहे तो. डॉक्टरांनी माझ्या पोटातून कापून काढला होता. आता तुझ्याकडे आलाय."
नवऱ्याला फोन केला. आत्याला दिवस कधी राहिलेच नाहीत, म्हणाला, पिशवीत गाठ होती ती काढली. मला ने इथून, म्हटलं. मला भीती वाटते. उद्या संध्याकाळी येतो म्हणाला.

१९ जानेवारी, सकाळ
फोन सापडत नाही. दाराला बाहेरून कडी. डावीकडे कळा— रक्तही दिसलं. खिडकीतून हाका मारल्या. खाली आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, पोरीला दुखणं सोसत नाही, काहीबाही बरळते. शेजारीण निघून गेली.

दुपार
बाळ सकाळपासून हललेलं नाही. कुशीवर झाले, पाणी प्यायले, हाक मारली. हल ना रे—
आत्याबाई आत आल्या. हात डावीकडे. ढकलते, पण जोरच नाही—
उजवीकडे काहीच नाही. माझं बाळ—
आत्याबाई हसल्या. त्यांच्या हाताखाली हललं काहीतरी. मलाही आतून कळलं, ते त्यांच्या आवाजाकडे वळतंय—