हाकेतली उसंत

४ मार्च
आज आले. खोली स्वच्छ आहे, न्हाणीघरात गरम पाणी येतं. नणंदबाईंनी स्वतः गादीवर चादर घातली. हे गेल्यापासून मी घरात नुसती बसून होते, म्हणून त्यांनीच आपल्या प्रयोगशाळेत कामाला बोलावलं. भावाची बायको म्हणजे काय परकी का, म्हणाल्या. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

५ मार्च
काम रातकिड्यांचं. इथे दिवसा अंधार करतात आणि रात्री दिवे लावतात, म्हणजे किडे कामाच्या वेळेला गातात. दोन जाती आहेत. भिंगाखालीही सारख्याच दिसतात; फरक फक्त नराच्या गाण्यात दोन सुरांमधल्या उसंतीत. मादीला लाकडी बोळात सोडायचं आणि टोकाच्या स्पीकरवर गाणं लावायचं. गाणं दुसऱ्या जातीचं असेल तर ती पाऊलही उचलत नाही. चुकून जोडी जमलीच, तर पिल्लं वांझ निघतात. स्थळं बघायला हिलाच न्यायला हवं, असं नणंदबाई म्हणाल्या. मला हसू आलं.

९ मार्च
फार दिवस एकटी ठेवलेली मादी मात्र चुकीच्या गाण्याकडेही जाते. गाण्यातली उसंत जरा तिच्या जातीसारखी केली तर लवकर जाते. अशा माद्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या आहेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही.
किडे बाहेर जाऊ नयेत म्हणून मोठ्या दाराची किल्ली नणंदबाईंकडेच असते.

१४ मार्च
दुपारी, अंधाराच्या वेळेला, माझ्या खोलीतल्या मागच्या दारापलीकडून ह्यांची हाक आली. "अगं ऐकलंस का." आवाज ह्यांचाच, पण मी उठले नाही. काहीतरी चुकत होतं.
नणंदबाईंना सांगितलं. भास असेल, म्हणाल्या, आणि मला जवळ घेतलं. काय चुकत होतं, असंही विचारलं. हे "अगं" म्हणून थांबायचे, मी वर बघेपर्यंत. मगच पुढचं बोलायचे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी रडले. त्याही रडल्या.

१५ मार्च
"अगं."
मग उसंत.
"ऐकलंस का."
मागच्या दारापर्यंत गेले होते. कडीला हात लावला आणि आठवलं — हे फक्त नणंदबाईंनाच सांगितलं होतं.

१६ मार्च
मोठं दार उघडत नाही. नणंदबाई पलीकडून बोलतात, अगदी शांतपणे. म्हणतात, मागच्या दाराआड स्पीकर नाही, तो स्वतः आहे; हाक मी शिकवली त्याला. माणूस नव्हे, पण जवळच्याच जातीचा. दिसायला आपल्यासारखा.
"वहिनी, त्यांच्यात बाई उरलेली नाही."
मी विचारलं, परवा रडलात ते खोटं का? तर म्हणाल्या, खोटं कसं, माझा भाऊच होता तो.

१७ मार्च
पलंगाचा पाय धरून बसले आहे. कान झाकले तरी —
उसंत अगदी तेवढीच. आता ह्यांचा ठसकासुद्धा. तो मी सांगितला नव्हता. बहिणीला ठाऊकच असणार —

कडीपाशी कधी आले —

हे नाहीत. मला ठाऊक आहे, हे नाहीत. ठाऊक असूनही मी ओ दि