मंजूच्या खो-खोला माझं मार्गदर्शन

२९ नोव्हेंबर १९७२, बुधवार. जळगाव.
आजपासून रोज डायरी लिहायची. ही डायरी एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं जानेवारीत भेट दिली होती. अकरा महिने कोरी राहिली, कारण वेळ नव्हता. आता आहे. यंदापासून सगळा कापूस सरकारच घेणार, आम्हा दलालांना बाजारात काम नाही. भेटेल तो हळहळतो, अरेरे केवलशेठ, बावीस वर्षांचा धंदा बसला हो. बसला बिसला काही नाही. मी विश्रांती घेतोय.

संध्याकाळी मंजू दोन्ही गुडघे फोडून घरी आली. आठवीतली पोर, मला वाटलं कुणी ढकललं. तर म्हणाली, बापूजी, शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये घेतलंय मला. मी पाच मिनिटं गंभीर विचार करून परवानगी दिली. मंजूची आई लाडकुंवर भाकरी थापता थापता म्हणाली, ती जुलैपासून खेळतेय, परवानगी मी कधीच देऊन टाकली. असो. बायकांची परवानगी टेंपररी असते.

निश्चय: पोरीच्या खेळात जातीनं लक्ष घालायचं.

३० नोव्हेंबर, गुरुवार.
ग्राउंडवर गेलो. खो-खो मी स्वतः कधी खेळलो नाही, पण मला बघितलं की कळतं. आठ पोरी एका रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी धावते. तिनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो म्हटलं की बसलेली उठून धावते आणि धावलेली बसते. दुसऱ्या टीमच्या तिघी जीव घेऊन पळतात. म्हणजे कधीही बघा, नवातल्या आठ बसलेल्याच! अहो, हा तर दलालीचा खेळ! बसायचं, डोळे उघडे ठेवायचे, वेळ आली की झटकन उठायचं. पोरीला हे कुठून आलं ते आता सांगायला नको.

झुलाल सरांनाही सांगितलं. झुलाल सर खेळाचे मास्तर, शिरपूरकडचे, बोलणं अहिराणी. म्हणाले, शेटजी, बठ्ठं खरं शे, पन जरासा बाजूले व्हा. मी खुंटाला टेकून उभा होतो आणि पोरींना खुंटाला वळसा घालायचा होता. खुंट चांगला मजबूत आहे.

२ डिसेंबर, शनिवार. पहाटे ५.१०
मंजूबरोबर धावायला निघतोय. रोज दोन मैल. व्यायामाशिवाय मार्गदर्शनाला वजन येत नाही.

५.३०
परत आलो. धोतरात धावता येत नाही, ही सायंटिफिक गोष्ट आहे. उद्यापासून पायजमा.

३ डिसेंबर, रविवार.
पायजमा धुवायला टाकलेला.

४ डिसेंबर, सोमवार.
थंडी फार. शिवाय विचार केला, मार्गदर्शकानं धावायचंच नसतं. तो धावला तर बघणार कोण?

५ डिसेंबर, मंगळवार.
झुलाल सरांनी पोरींना अंडी खायला सांगितली. आमचं जैनांचं घर. मी सरांशी अशा काही आवाजात बोललो की त्यांनी सगळ्या टीमची अंडी कॅन्सल केली. असोद्याच्या उखर्डू पाटलांची ताईबाई टीमची कॅप्टन आहे, ती माझ्याकडं फार वाईट नजरेनं बघत होती. तिच्या घरी बारा कोंबड्या आहेत म्हणे. अंड्यांच्या बदल्यात लाडकुंवरकडून डिंकाचे चाळीस लाडू करून घेतले. पोरींना देण्याआधी क्वालिटी तपासली.

६ डिसेंबर, बुधवार.
लाडकुंवर म्हणते, लाडू एकवीसच कसे? तपासणी बारकाईनं करावी लागते.

८ डिसेंबर, शुक्रवार.
सापडलं! सापडलं! दुपारी झोपेतून ताडकन उठलो. लाडकुंवर म्हणाली, विंचू का? म्हटलं, आयडिया!

आमच्या बाजारात जुना रिवाज असा, की भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांनी हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. याला हत्ता म्हणतात. पुढं उघड लिलाव आला, तरी आम्ही जुनी मंडळी आपसात रुमालाखालीच बोलायचो. आता एक ते आठ बोटांत सांगता येतात, आणि पोरी बसलेल्या किती? आठ! मी बाहेर उभा राहून बोटं धरणार. धावणारीला आपोआप कळणार की खो कोणत्या नंबरला द्यायचा. समोरची टीम बघत बसेल. हे आजवर हिंदुस्थानात कुणाला सुचलं नाही, कारण खो-खोवाल्यांना बाजार माहीत नाही आणि बाजारवाल्यांना खो-खो.

बावीस वर्षांची विद्या अशी वाया थोडीच जाते!

९ डिसेंबर, शनिवार.
पोरींना घरी बोलावून हत्ता शिकवला. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, अख्खा पंजा म्हणजे पाच, पंजा सोडून पुन्हा एक बोट धरलं की सहा, असं पुढं. मला शिकायला दोन सीझन लागले होते. ताईबाईनं चार मिनिटांत उचललं आणि पाचव्या मिनिटाला मंजूच्या हातात हात घालून माझ्यासमोरच काहीतरी बोलली. दोघी हसून लोळल्या. काय बोलल्या ते मला वाचता आलं नाही, रुमाल होता.

११ डिसेंबर, सोमवार.
पहिला प्रयोग. मी सीमेबाहेर उभा राहून माझाच डावा हात उजव्या हातात धरला, वर रुमाल टाकला आणि नंबर द्यायला लागलो. तीन. सात. दोन. पोरी काही बघेनात. झुलाल सर धावत आले, म्हणाले, शेटजी, हातले लागनं का? टिंक्चर लावू? मंजू लांबूनच ओरडली, बापूजी, रुमाल काढा! रुमालाखालचं आम्हाला दिसणार कसं?

मी म्हटलं, बावीस वर्षांत उघडा हात कुणाला दाखवला नाही. ती म्हणाली, मग दाखवू नका. फारच उलट बोलते. शेवटी काढला. भर ग्राउंडवर धोतर सुटल्यासारखं वाटलं.

१३ डिसेंबर, बुधवार.
बारीकसारीक अडचणी. मी पाच दाखवतो तेव्हा मंजू पाचच्या पुढं गेलेली असते, आणि एकदा एका बाजूला निघाली की मागं फिरता येत नाही असा नियम आहे. शिवाय खो पाठीवरूनच द्यायचा, म्हणजे जिचं तोंड समोर तिला देता येत नाही. म्हणजे आठातल्या चार जणी त्या वेळेला बादच. हे सगळं मला आज सांगतात! झुलाल सरांना म्हटलं, नियम बदलायला कुणाला लिहावं लागेल? ते आकाशाकडं बघत राहिले.

शाळेतल्याच छोट्या पोरींच्या टीमकडून आज हरलो. ऊन डोळ्यावर येत होतं. माझ्या.

१७ डिसेंबर, रविवार. रात्री ९
जिल्ह्याची फायनल. आमची शाळा विरुद्ध धरणगाव. काय दिवस! काय दिवस! नीट क्रमानं लिहितो.

कोट, टोपी, नवं धोतर. सीमेजवळ जागा धरली. समोर बघतो तर धरणगावचा माणकचंद! वीस वर्षं आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं मोडली. तोही यंदा रिकामा, म्हणून गावच्या पोरींबरोबर आलेला. एकटा नाही, आणखी चार दलाल घेऊन.

डाव सुरू झाला. आमच्या पोरी पाठलागावर. मी तीन दाखवले. पलीकडून माणकचंद ओरडला, तीऽऽन! मी सहा दाखवले. पाचही जण एका सुरात, सहाऽऽ! धरणगावच्या पोरी सहाकडं फिरकेचनात. मी सात केले, ते सात. मी घाईत चुकून नाक खाजवलं, तर माणकचंद म्हणाला, हा भाव नाही, खाज आहे. अख्खं ग्राउंड हसलं. सगळ्या डावात आमचे तीन गुण. मग धरणगावनं पाठलाग करून सात घेतले.

मध्यंतरात माणकचंदकडं भांडायला गेलो. बघतो तर त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, केवलभाऊ, दिवाळीपासून कुणाच्या हातात हात दिला नव्हता रे. तुझी बोटं दिसली आणि राहवलं नाही. मी भांडलो नाही. लाडू दिला.

मला वाटलं आता पोरी माझ्यावर चिडणार. पण मंजू पोरींशी काहीतरी कुजबुजून माझ्याकडं आली. माझा हात धरून म्हणाली, बापूजी, आता अजिबात थांबायचं नाही, हात अजून वर करा, सगळ्यांना दिसू द्या. एवढा विश्वास!

दुसरा डाव. मी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि सुटलो. चार! सात! दोन! पलीकडून पाच जणांचा कोरस. आणि आमच्या पोरी! मी चार दाखवले की खो सहाला, मी दोन दाखवले की खो पाचला. धरणगावच्या पोरी पळून पळून आमच्याच हातात येत होत्या. अकरा गडी बाद! धरणगावला नंतर पाचच मिळाले. चौदा-बारा. दोन गुणांनी आम्ही चँपियन!

झुलाल सरांना हार घातला. एक हार मी माझ्यासाठीही घेऊन गेलो होतो, तो कुणी घालेना म्हणून जाता जाता स्वतःच गळ्यात टाकला.

फक्त एक कोडं. चारचे सहा कसे झाले? बहुतेक मी त्यांच्या समोर उभा असल्यामुळं पोरींना सगळं आरशातल्यासारखं दिसत असणार.

१८ डिसेंबर, सोमवार.
मंजूला विचारलं, तू माझं कितपत ऐकलंस? ती म्हणाली, बापूजी, तुम्ही दाखवत राहिलात म्हणूनच आपण जिंकलो. हे वाक्य शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२३ डिसेंबर, शनिवार.
झुलाल सर स्वतः घरी आले. सात जानेवारीला धुळ्याला आंतरजिल्हा सामना आहे, तिथं तुमाले येनंच पडी, असं दोनदा म्हणाले. लाडकुंवरकडं बघितलं. तिनं चहा पुढं केला आणि पदरात हसली. हे हसणं अभिमानाचं.

१ जानेवारी १९७३, सोमवार.
यंदा एकाही जिनिंगवाल्यानं डायरी दिली नाही. जुन्या डायरीच्या मागं 'पत्ते व टेलिफोन'ची पानं आहेत, त्यांवर लिहितोय. नवीन वर्षाचे संकल्प: धुळे जिंकायचं. मग हत्त्यावर छोटं पुस्तक लिहायचं. मग धावायचं, पायजम्यात.

७ जानेवारी, रविवार. धुळे.
एसटीनं आलो. पोरी एरंडोलपासून गात होत्या. मला सीमेजवळ खास खुर्ची, सगळ्यांना दिसेल अशी. समोर नाशिकची टीम. धिप्पाड पोरी.

पहिला डाव. जीव तोडून नंबर दिले. खांद्यातून कळा यायला लागल्या. पण पलीकडून आवाज नाही, कोरस नाही, कुणी ढुंकूनही बघेना. पाणी प्यायला मध्ये थांबलो तेव्हा झुलाल सर आले, शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, शेटजी, आते हात खाले ल्या. आठे धुळ्याले कोनले वाचता येत नही. या नाशिकवाल्या पोरीस्ना बाप नोटांच्या छापखान्यात शेत, त्यास्ले हत्ता काय माहीत?

मी म्हटलं, त्यांना न येऊ दे, आपल्या पोरींना तर येतं.

सर चपलेनं माती उकरत बसले.

मी मनात आकडे जुळवले. चारचे सहा. दोनचे पाच. हात अजून वर करा. अकरा गडी. आरसा बिरसा काही नव्हतं. पोरींनी मला बुजगावण्यासारखा उभा केला होता, माणकचंदच्या दलालांना नादी लावायला. आणि इथं पाखरंच नाहीत, म्हणून बुजगावणंही नको.

हात खाली घेतले. मांडीवर ठेवले. करायला काहीच नव्हतं, म्हणून समोर बघितलं.

मंजू पळत होती. आई शप्पथ, काय पळते माझी पोर! दोन नाशिकवाल्यांच्या मधून अशी निसटली की माझ्या तोंडून किंचाळीच फुटली. नंतर पाठलागात जमिनीवर सूर मारला, धूळ उडाली, नाशिकची सगळ्यात उंच पोर बाद! माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला मी मिठी मारली. तो नाशिकचा निघाला. महिनाभर रोज ग्राउंडवर जात होतो आणि आपल्याच बोटांकडं बघत होतो. पोरीला पळताना आज पहिल्यांदा बघितलं. फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

एका गुणानं हरलो. पोरी रडल्या, मीही रडलो. सगळ्यात मोठ्यानं मीच.

८ जानेवारी, सोमवार. जळगाव.
सकाळी मंजूनं विचारलं, बापूजी, काल मी कशी खेळले? म्हटलं, छान पळालीस. ती पुढचं ऐकायला थांबली. पुढं काही नव्हतंच. तेवढंच होतं. तिनं दोन मिनिटं वाट बघितली आणि घाबरून आईला हाक मारली. लाडकुंवर हात पुसत आली, कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तरी काढा करून दिला. मुकाट्यानं प्यालो.