वेल सापडत नाही

सोमवार, ४ मार्च

बेडूक विहिरीतच राहिला. अर्धा तास उड्या मारल्या — मी, म्हणजे बेडकानं. पोरगी शेजारी वही घेऊन, तोंडाला कुलूप. "आता कुठं जाऊ?" म्हटलं तर नुसती मान हलवते! खेळणाऱ्याला मदत करायची नाही, असा त्या गेम बनवायला शिकवणाऱ्या मोठ्या शाळेचा नियम आहे म्हणे. प्रवेशासाठी स्वतः केलेला एक छोटा गेम पाठवायचा. शिवाय ज्यानं जन्मात कधी गेम खेळला नाही अशा माणसाला तो खेळायला बसवायचं, आणि तो काय करतो, कुठं अडतो, ते लिहून पाठवायचं. तो माणूस मी. सव्वीस वर्षं बस चालवली, पण बेडूक काही चालवता येईना.

शेवटी तिनंच दाखवलं. वर, पडद्याच्या अगदी कडेला, एक वेल लोंबत होती. ती धरून बाहेर पडायचं. एवढंच! "बाबा, तुम्ही वर बघितलंच नाही." मी हसलो. तिला हसू आलं नाही.

बुधवार, ६ मार्च

शाळा दोन. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात बसेल.

मोठी — रेल्वेनं चौदा तास. चोवीसच मुलं घेतात. चार-पाच जणांचे गट, आणि दर वर्षी प्रत्येक गटानं एक गेम पुरा करून लोकांच्या हातात द्यायचा. "अर्धवट ठेवलेलं तिथं चालत नाही, बाबा." हे सांगताना तिचे डोळे बघण्यासारखे होते. तिथल्या सरांचं एक वाक्य तिनं टेबलासमोर भिंतीला चिकटवलंय — खेळणारा चुकत नाही, गेम चुकतो. म्हणजे नाचता येईना, तर अंगण वाकडंच समजायचं! बरी आहे की शाळा.

दुसरी — बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. शनिवारी दोघं बघून आलो. भिंतभर नावाजलेल्या गेमची चित्रं. पोरीनं विचारलं, "यातला तुमच्या मुलांनी कुठला केलाय?" काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ती प्रेरणेसाठी आहेत." जिना उतरेपर्यंत हसत होतो आम्ही. तिथं फॉर्म भरला की झाला प्रवेश.

मला कोणी विचारत नाही, पण तिनं मोठ्या शाळेतच जावं. घर खायला उठेल. तिची आई गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघंच. तरी जावं.

रविवार, १० मार्च

वेलीची जागा बदलली, शिवाय ती पिवळीधमक केली तिनं. मला नाही सापडली.

गुरुवार, १४ मार्च

आज वेल पुन्हा नव्या जागी, जाड, शिवाय हलती. तरी नाही! मी आपला तळाशीच धडका देत बसलो. पोरगी वहीत लिहीत होती — 'खेळणारा वर बघत नाही. वीस मिनिटं.' मग पेन ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

म्हटलं, "अगं, तुझा बापच ठोंब्या. मैत्रिणींना दे की खेळायला."

"त्या दिवसभर गेमच खेळतात, बाबा. त्यांना सापडणारच. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला सापडायला हवी. तुम्हाला सापडत नाही, म्हणजे मलाच जमत नाहीये."

चिडली असती तर बरं झालं असतं. रडली. मग तोंड धुऊन आली आणि आमटी गरम करायला ठेवली.

ओट्यावरच्या कपाटाचं उघडं दार पुन्हा कपाळात बसलं. आठवड्यात दुसऱ्यांदा. लक्ष कुठं असतं कोण जाणे.

रविवार, १७ मार्च

बाजारातल्या इन्स्टिट्यूटचा फॉर्म भरून आली. मोठ्या शाळेची मुदत ३१ पर्यंत आहे, पण विषय काढला की "नको" म्हणते. "इथंच बरं आहे. घराजवळ."

माझी ताई, तिची आत्या, खूश. "हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? पोर डोळ्यांसमोर राहील." मी "बरं" म्हटलं. आणि खरं सांगायचं तर, घटकाभर आनंदच झाला मला. लाज वाटते लिहायला.

मंगळवार, १९ मार्च

सिग्नल तोडला. चौकात वर टांगलेला, लाल. तिथं काही आहे हेच मला कळलं नाही. आमचा कंडक्टर — सगळा डेपो त्याला शिट्टी म्हणतो — मागून किंचाळला, "लाल आहे, लाल! डोळे काय घरी ठेवून आलात?" ब्रेक करकचून दाबला. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई चाकापासून हातभर अंतरावर उभी. तिनं माझ्याकडे बघितलं.

पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली. डेपोला कळवलं — दुसरा ड्रायव्हर पाठवा. शिट्टी शेजारी येऊन बसला, पाण्याची बाटली दिली. "होतं असं," म्हणाला. होत नाही असं. सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.

शुक्रवार, २२ मार्च

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, एकही सोडला नाही! कागद बाहेर आला तर वरचा सगळा भाग काळा. "पण मला असं काळं काही दिसत नाही," म्हटलं. "दिसणार नाही. जिथं दिसत नाही तिथं मेंदू काहीतरी भरून घेतो. तुम्हाला आपलं वाटतं, सगळं दिसतंय."

गेलं ते परत येत नाही. उरलंय ते टिकवायला थेंब — रोज, जन्मभर. गाडी बंद. साहेबांनी डेपोच्या स्टोअरला बसवलं, मेकॅनिकना सुटे भाग काढून द्यायला.

घरी निघालो आणि डेपोच्या फाटकातच पाय थांबले. वेल! वेल बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर होती. गेम चुकलाच नव्हता, खेळणारा चुकला होता. आणि माझ्यापायी पोरीनं स्वतःला नापास केलं!

शनिवार, २३ मार्च

सांगावं? सांगितलं तर ती जाणार नाही. मी ओळखतो तिला. आई आजारी होती तेव्हा बारा वर्षांची होती. महिनाभर शाळा बुडवून उशाशी बसली होती. आता माझ्या डोळ्यांत थेंब घालायला राहील. हात धरून रस्ता ओलांडून द्यायला राहील. न सांगावं तर त्या दुकानावरच्या दोन खोल्या. इकडे आड, तिकडे विहीर.

स्टोअरला बदलीचंही बोललो नाही. डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघतो.

रविवार, २४ मार्च

युक्ती काढली — ताईला बसवलं खेळायला. तिनंही जन्मात कधी गेम खेळलेला नाही. "या वयात मला बेडूक करतोस होय रे?" अशी कुरकुर झाली. पोरगी म्हणत होती, "राहू दे बाबा, आता काय उपयोग?" पण वही घेऊन बसली. चार उड्या, आणि ताईचा बेडूक बाहेर! "ही काय, एवढी ढळढळीत तर आहे वेल!"

पोरगी पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच माझ्याकडे वळली. "आत्याला लगेच सापडली. तुम्हाला कशी नाही? बाबा, तुमचे डोळे —"

पुढचं बोलू दिलं नाही. म्हटलं, "दिसत होती. पहिल्या दिवसापासून दिसत होती. मुद्दाम नाही धरली. तू लांब जाऊ नयेस म्हणून."

कसं सुचलं, देव जाणे. ताईचा हात माउसवर तसाच. पोरगी उठली. "तीन आठवडे, बाबा? मी रडत होते, तेही दिसत होतं ना?"

"दिसत होतं," म्हटलं. तेवढं खरं होतं.

मंगळवार, २६ मार्च

गेम मोठ्या शाळेला पाठवला तिनं. आत्याचं टिपण जोडलंय. हेही ताईकडूनच कळलं. माझ्याशी बोलणं एवढंच — "जेवण झाकून ठेवलंय."

ताईला आज डोळ्यांचं सगळं सांगितलं. शपथ घातली, पोरीला कळता कामा नये. म्हणाली, "मूर्ख आहेस. पोरीच्या मनातून उतरलास, ते कोण भरून देणार?" मग माझी मान मागे करून थेंब घातले. माझ्या हातून निम्मे गालावर जातात.

गुरुवार, १८ एप्रिल

निवड झाली! चोवीसांत! आत्याच्या गळ्यातच पडली. मी दोन पावलं पुढे गेलो. "झालं माझं, बाबा," म्हणाली आणि बूट घालायला खाली वाकली.

मला आनंद झालाय. खूप झालाय. दुपारी स्टोअरमध्ये रॅकमागे उभा राहून रडलो, ते कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

रविवार, ३० जून

गेली. स्टेशनवर विचारलं, "आज बसला सुट्टी?" म्हटलं, "हो, मिळाली." खिडकीतून आत्याला हात केला. डबा पुढे गेल्यावर माझ्याकडे वळून बघितलं का, ताईला विचारलं. ताई म्हणाली, बघितलं. ताईही खोटं बोलायला शिकली.

शनिवार, २० जुलै

फोन ताईला येतो. गट पाच जणांचा. विहिरीचा गेम सरांना आवडला. खेळणाऱ्यानं कुठून कुठं जायचं, ते ठरवायचं काम तिच्याकडे दिलंय. "बाबा कसे आहेत?" असं विचारत नाही. ताई न विचारता सांगते, बरे आहेत. पलीकडून "हं".

मंगळवार, ६ ऑगस्ट

भात करपला.

सोमवार, २ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी आज विचारलं, घरात आधी कोणाला होतं का हे? वडील आठवले. शेवटी शेवटी भिंत धरून चालायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. मग विचारलं, मुलं किती? "एक मुलगी," म्हटलं, "लांब असते. गेम बनवायला शिकते." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा आजार घराण्यात उतरतो, मुलांना होण्याची शक्यता जास्त. तिचे डोळे लगेच तपासून घ्या. लवकर सापडला तर आवरता येतो. हे तुम्ही तिला मार्चमध्येच सांगायला हवं होतं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून फोन लावला. तिनं कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट केला. पुन्हा लावतोय.