होडीच्या दोन्ही टोकांना पट्ट्या

बाबा,

तुम्ही उठायच्या आत मला कामावर पळायचंय, म्हणून ही चिठ्ठी चहाच्या डब्याखाली.

अंगणात होडी पालथी दिसेल, तिला उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका. पुढचं आणि मागचं टोक जिथे दगडांवर घासतं, तिथे पहाटे उठून फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून चिकटवल्यात; वाळल्या की दगडासारख्या कडक होतील. "बघू जरा, वाळल्या का," म्हणून बोट लावाल, तर त्याचा ठसा जन्मभर तिथेच राहील. माझा अंगठा आधीच उमटलाय.

तळ घासताना मागच्या टोकाला नवे ओरखडे दिसले, चांगले खोल. होडी उचलायची, ओढायची नाही, यावरून दादाने आणि मी लहानपणी तुमची किती बोलणी खाल्लीत! म्हणून आता ओढली कुणी, हे मी विचारत नाही. खांदा दुखतो का, हेही विचारत नाही. "छे, मला काय धाड भरलीय," हे उत्तर मला पाठ आहे.

पण गेले तीन आठवडे तुम्ही नदीकडे पाठ करून पेपर वाचत बसता, ते मला बघवत नाही. आता झिजल्या तर पट्ट्या झिजतील, तळ नाही. झिजल्या की दुसऱ्या लावू.

परवा सकाळी न्या तिला पाण्यावर. खुशाल ओढत न्या, पलीकडच्या काठापर्यंत खरखर ऐकू जाऊ दे. कुणी हसलंच तर सांगा, लेकीने एवढ्या हौसेने लावल्यात, वापरायला नकोत?

तुमची,
धाकटी