खताने मेलेले मित्रकोळी

कैनाड, गुरुवार, ९ मार्च २०१७

डोकं अजून तापलेलंच आहे. लिंबाच्या पानांवरचे लाल कोळी खाणारे ते बारीक मित्रकोळी मी महिनाभर जपले, एकदाही विषारी औषध मारू दिलं नाही. आणि मी दोन दिवस माहेरी वेवजीला गेले, तेवढ्यात दुकानदाराचं ऐकून यांनी दोन रांगांवर टॉनिक फवारलं! आज भिंगातून पाहिलं, तर त्या रांगांत मित्रकोळी जवळजवळ नाहीतच. लाल मात्र मजेत. न फवारलेल्या रांगेत दोन्ही आहेत.

दुकानात गेलो, तर तो यांच्याकडेच बघून बोलतो, "दादा, वहिनींना सांगा, हे औषध नाही, खत आहे. खताने कोळी कसा मरेल?" मी समोर उभी असताना! बाटलीवर गंधक लिहिलंय, ते मीच वाचून दाखवलं; गंधकाने लाल कोळ्यांआधी मित्रकोळीच मरतात. पानं आणि भिंग पुढे केलं. त्याने वाकूनसुद्धा पाहिलं नाही. यांनी पाहिलं, बराच वेळ. मग उरलेली बाटली त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "यापुढे काय द्यायचं ते हिला विचारा."

मला बरं वाटायला हवं होतं. पण फवारण्याआधी यांनी तरी मला कुठे विचारलं होतं?